घरगुती दूरचित्र-मुद्रणाचा इतिहास : चित्रफितीपासून गृहसंगणकापर्यंत

१. विषयप्रवेश

इतिहासाच्या अभ्यासकाला घटनांबरोबरच आपल्या साधनांचाही इतिहास ठाऊक असावा लागतो. अमुक बखर कोणी लिहविली, अमुक दप्तर कोणत्या घराण्यात जपले गेले आणि कोणते वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडले, हे प्रश्न कागदी साधनांच्या बाबतीत आपण सतत विचारीत आलो आहोत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समाजजीवनाचे एक मोठे साधन म्हणजे दूरचित्रवाणी. तिच्याबाबत मात्र हे प्रश्न आपल्याकडे फारसे विचारले गेलेले नाहीत. जे प्रक्षेपित झाले त्यापैकी किती उरले, ते कोणी उरविले, आणि उरविण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने घरगुती दूरचित्र-मुद्रणाचा इतिहास प्रस्तुत निबंधात तपासावयाचा आहे. दिवाणखान्यातील संगणकाला ट्यूनर कार्ड जोडून चालू प्रक्षेपण साठवून ठेवण्याची जी पद्धत २००० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली, ती या इतिहासातील सर्वांत बोधप्रद पायरी होय. म्हणून तिचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

२. प्रक्षेपण आणि विस्मरण

आरंभीच्या काळात दूरचित्रवाणी हे केवळ वर्तमानकाळाचे माध्यम होते. कार्यक्रम घडत असतानाच दिसे व संपताच नाहीसा होई. पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून त्याची प्रत काढण्याची युक्ती वापरली जात असे, परंतु ती खर्चिक होती आणि प्रतही अंधुक निघे. या अडचणीवर पहिला समाधानकारक तोडगा कॅलिफोर्नियातील अँपेक्स या कंपनीने काढला. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने तयार केलेले चुंबकीय चित्रमुद्रण-यंत्र एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे दाखविण्यात आले. दोन इंच रुंदीची फीत आणि वेगाने फिरणाऱ्या चक्रावर बसविलेली चार मुद्रणशीर्षे ही त्याची मुख्य अंगे होत. फीत सेकंदाला १५ इंच सरके. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमास सुमारे ४,५०० फूट फीत लागे. यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरांच्या घरात होती.

हे यंत्र जतनासाठी निर्माण झालेले नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील घड्याळांत तीन तासांचे अंतर आहे. न्यूयॉर्कमध्ये सायंकाळी सांगितलेली बातमी कॅलिफोर्नियात तेथील सायंकाळी दाखविता यावी, एवढीच प्रक्षेपकांची निकड होती. सीबीएसने ३० नोव्हेंबर १९५६ रोजी आपले बातमीपत्र याच रीतीने पश्चिमेकडे विलंबाने प्रक्षेपित केले. काम झाल्यावर तीच फीत पुसून पुन्हा वापरता येत असे, आणि हाच यंत्राचा मोठा गुण मानला जाई.

इतिहासाच्या दृष्टीने तो गुण घातक ठरला. फीत महाग, जागा अपुरी, आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित, या कारणांमुळे ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६० व १९७० च्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे १९६० च्या दशकातील पुष्कळ भाग अशा रीतीने नष्ट झाले. नष्ट झालेल्या या भागांचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो उतरवून ठेविला होता. अमेरिकेत १९६७ च्या पहिल्या ‘सुपर बोल’ सामन्याचे प्रक्षेपण दोन मोठ्या वाहिन्यांनी केले, परंतु त्याची संपूर्ण प्रत दोहोंपैकी एकीनेही राखली नाही. पुढे त्या सामन्याची जी फीत प्रकाशात आली, ती एका खाजगी व्यक्तीच्या घरातून. आणि तीही अपुरी होती. संस्थेने विसरावे आणि घराने स्मरावे, हा क्रम या विषयात पुनःपुन्हा आढळतो.

३. घरात आलेले यंत्र आणि न्यायालयाचा निर्णय

सोनीचे बेटामॅक्स हे यंत्र १९७५ साली बाजारात आले व पुढील वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस पद्धती आणली. बेटामॅक्सच्या पहिल्या फितीवर एक तासाचेच मुद्रण होई, तर व्हीएचएसवर दोन तासांचे; संपूर्ण चित्रपट एका फितीवर मावणे ग्राहकाला महत्त्वाचे वाटले. सोनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी या यंत्राचा उपयोग ‘वेळ बदलणे’ या शब्दांत मांडला. वीस वर्षांपूर्वी जी सोय प्रक्षेपकाने स्वतःसाठी करून घेतली होती, तीच आता प्रेक्षकाच्या हाती आली, असे यावरून म्हणता येते.

ही सोय निर्वेधपणे मिळाली नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये युनिव्हर्सल व डिस्ने या चित्रपटसंस्थांनी सोनीविरुद्ध दावा लावला. घरी मुद्रण करणारा प्रेक्षक लेखाधिकाराचा भंग करतो व त्यास यंत्र पुरविणारा उत्पादक त्या भंगास साहाय्य करतो, अशी त्यांची मांडणी होती. जिल्हा न्यायालयाने १९७९ मध्ये सोनीच्या बाजूने व अपील न्यायालयाने १९८१ मध्ये सोनीच्या विरुद्ध निर्णय दिला. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीचा पक्ष मान्य केला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, विनामूल्य प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुढे सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी उतरविणे हा वाजवी वापर होय. आणि ज्या यंत्राचे निर्दोष उपयोग पुरेसे आहेत त्याची विक्री केल्याबद्दल उत्पादकाला दोषी धरता येत नाही.

या निर्णयाची मर्यादा अभ्यासकांनी बारकाईने पाहावयास हवी. न्यायालयाने मान्यता दिली ती वेळ बदलण्याला. एकदा पाहून झाल्यावर फीत कपाटात ठेवणे, म्हणजे संग्रह करणे, हे त्या मान्यतेत येते की नाही, हा प्रश्न निकालाने स्पष्टपणे सोडविला नाही. इतिहासकाराला हवा असतो तो नेमका संग्रह. कायद्याने दिलेले अभय आणि इतिहासाची गरज यांत पहिल्यापासूनच असे अंतर राहून गेले.

४. संगणकाचा प्रवेश

संगणकावर दूरचित्र उतरविण्यात आरंभी जी अडचण होती ती साध्या गणिताने स्पष्ट होईल. भारतात व युरोपात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या चित्राचे अंकीय रूप ७२० बिंदू रुंद व ५७६ ओळी उंच धरले, सेकंदाला २५ चित्रे घेतली व प्रत्येक बिंदूस दोन बाइट दिले, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट होतात. तासाभराचे मुद्रण साधारण ७५ गिगाबाइट भरते. १९९० च्या दशकातील घरगुती संगणकाच्या डिस्कवर एवढी जागा असणे शक्यच नव्हते. एमपीईजी-२ या संकोचन-पद्धतीने हा प्रश्न सोडविला. लागोपाठच्या चित्रांत फरक थोडा असतो. म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण न साठविता केवळ बदल साठवावयाचा, हे तिचे मूलतत्त्व. तिच्या योगाने तासाभराचा कार्यक्रम दोनतीन गिगाबाइटांत मावू लागला.

या तत्त्वावर १९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो व रीप्लेटीव्ही ही दोन यंत्रे आली. दोहोंत फितीऐवजी डिस्क होती. टिव्होच्या पहिल्या स्वस्त यंत्रात १४ तासांचे मुद्रण राही. चालू प्रक्षेपण थांबविण्याची सोय हे या यंत्रांचे मोठे नावीन्य होते. यंत्र चालू कार्यक्रम सतत डिस्कवर लिहीत असते व प्रेक्षक तेथूनच तो वाचीत असतो. त्यामुळे मध्येच उठून गेलेल्या माणसाला परत आल्यावर तेथूनच पुढे पाहता येते. मुद्रण व दर्शन ही दोन कामे एकाच वेळी करणे फितीला साधले नव्हते.

टिव्होच्या आत लिनक्स ही मुक्त प्रणालीच काम करीत होती. तेव्हा जे कंपनीने बंद पेटीत केले ते आपल्या संगणकावर आपणच का करू नये, असा विचार जाणत्या ग्राहकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी ‘व्हीडीआर’ ही आज्ञावली २००० च्या सुमारास प्रसिद्ध केली, तर अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ मध्ये ‘मिथटीव्ही’चे काम आरंभिले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ ही आवृत्ती काढली.

अशा गृहसंगणकाची रचना थोडक्यात पुढीलप्रमाणे असे. अँटेना अथवा केबलची तार ट्यूनर कार्डात येई. प्रक्षेपण जुन्या पद्धतीचे असल्यास कार्डावरील संकोचन-चकती त्याचे एमपीईजी-२ मध्ये रूपांतर करी. असे कार्ड नसल्यास तो भार मुख्य प्रक्रियकावर पडून चित्र अडखळे. प्रक्षेपण अंकीय असल्यास ते आधीच संकोचित असे, व संगणकाला ते केवळ उतरून घ्यावे लागे. अमेरिकन अंकीय पद्धतीत एका वाहिनीपट्ट्यातून सेकंदाला १ कोटी ९३ लाख ९० हजार बिट येतात. ते सर्व साठविल्यास तासाला पावणेनऊ गिगाबाइटांस किंचित कमी जागा लागते. एक कार्यक्रम पाहत असता दुसरा उतरवावयाचा तर दोन ट्यूनर हवेत. मिथटीव्हीत मुद्रण करणारा भाग व दाखविणारा भाग वेगळे ठेवता येत. त्यामुळे गडबड्या पंख्याचा संगणक माळ्यावर आणि मूक यंत्र दिवाणखान्यात, अशी मांडणी शक्य होई. रिमोटचे संकेत घेणारा ग्राहक जोडणे, चित्र दूरचित्रवाणी संचाला मानवेल अशा रूपात बाहेर काढणे, डिस्क भरली की जुने मुद्रण आपोआप पुसले जावे याचे नियम ठरविणे, या कामांत हौशी माणसाचे कित्येक शनिवार-रविवार जात.

५. वेळापत्रक कोणाचे?

यंत्र तयार झाले तरी कोणता कार्यक्रम केव्हा लागणार हे त्याला सांगावे लागते. फितीच्या काळात वर्तमानपत्रातील तक्ता पाहून माणूस घड्याळ लावी. संगणकाला हाच तक्ता त्याला वाचता येईल अशा रूपात रोजच्या रोज हवा असतो. येथे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला : वेळापत्रक ही कोणाची मालमत्ता?

युरोपात या प्रश्नाचा निर्णय त्यापूर्वीच एका छापील साप्ताहिकाच्या निमित्ताने झाला होता. आयर्लंडमध्ये प्रत्येक प्रक्षेपक आपल्यापुरती कार्यक्रमपत्रिका काढी. सर्व वाहिन्यांचे साप्ताहिक वेळापत्रक एकत्र छापण्याचा ‘मॅगिल’ या नियतकालिकाचा प्रयत्न प्रक्षेपकांनी लेखाधिकाराच्या बळावर थांबविला. युरोपीय न्यायालयाने ६ एप्रिल १९९५ रोजी हा वर्चस्वाचा गैरवापर असल्याचे ठरविले. अमेरिकेत ट्रिब्यून समूहाची झॅप-टू-इट ही सेवा मिथटीव्ही वापरणाऱ्यांस वेळापत्रक विनामूल्य पुरवीत असे. ती १ सप्टेंबर २००७ पासून बंद झाली, तेव्हा हजारो घरगुती यंत्रे एकाएकी आंधळी होण्याचा प्रसंग आला. अशा आज्ञावली रचणाऱ्यांनी मग ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ ही ना-नफा संस्था काढली व वर्गणी जमवून तोच मजकूर विकत घेण्यास आरंभ केला. आज्ञावली मुक्त असली तरी तिला लागणारी माहिती मुक्त असेलच असे नाही, हा यातील धडा आहे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटरची गतही निराळी झाली नाही. २०१५ च्या विंडोज १० मधून ते वगळण्यात आले आणि त्याची वेळापत्रक-सेवा २०२० च्या जानेवारीत संपली.

६. कुलुपांचा काळ

फितीच्या काळातील वाद न्यायालयात झाले. संगणकाच्या काळातील वाद यंत्राच्या आतच होऊ लागले. रीप्लेटीव्हीने २००१ मध्ये जाहिराती आपोआप गाळणारे व मुद्रित कार्यक्रम दुसऱ्या यंत्राकडे धाडू देणारे यंत्र काढले, तेव्हा चित्रपटसंस्था व वाहिन्यांनी दावे केले. त्या दाव्यात एप्रिल २००२ मध्ये एक विलक्षण आदेश निघाला : ग्राहक काय पाहतात, काय गाळतात व काय धाडतात याची नोंद कंपनीने गोळा करून वादींना द्यावी. मे महिन्याच्या अखेरीस वरच्या न्यायाधीशांनी तो रद्द केला. तथापि घरात बसलेले यंत्र घरमालकाविरुद्ध साक्षही देऊ शकते, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. मार्च २००३ मध्ये उत्पादक कंपनीने दिवाळखोरी पत्करली व दाव्याचा अंतिम निर्णय लागलाच नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’चा नियम संमत केला. अंकीय प्रक्षेपणात एक खूण घालावयाची व १ जुलै २००५ नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकयंत्राने ती खूण मानून प्रतीवर निर्बंध घालावयाचे, असे त्याचे स्वरूप. स्वतः जुळविलेला संगणक हे बंधन पाळील याची हमी देणारा कोणी नसल्याने, या नियमाचा रोख अप्रत्यक्षपणे मुक्त आज्ञावलींवर होता. नियमाला आव्हान देणाऱ्यांत अमेरिकन लायब्ररी असोसिएशन अग्रभागी होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. ग्रंथपालांना आपल्या भविष्यकालीन संग्रहाची चिंता होती. ६ मे २००५ रोजी अपील न्यायालयाने, आयोगाला प्रक्षेपण पोहोचल्यानंतरच्या यंत्रवापराचे नियमन करण्याचा अधिकार नाही, या कारणास्तव नियम रद्द ठरविला.

परंतु केबलच्या बाबतीत कायदा न करताही तेच साध्य झाले. संकेतबद्ध वाहिन्या संगणकात उतरविण्यासाठी ‘केबलकार्ड’ लागे. व ज्या कार्यक्रमावर ‘एकच प्रत’ अशी खूण असे, तो ज्या यंत्रावर उतरविला त्याखेरीज अन्यत्र चालत नसे. यंत्र बिघडले की संग्रहही संपला. २०२० मध्ये केबलकार्ड पुरविण्याचे बंधनही आयोगाने उठविले.

आपल्याकडील अनुभव या इतिहासाशी जुळणारा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. पुढे केबल घरोघरी पोहोचली, व लॅमिंग्टन रस्त्यावरून आणलेले ट्यूनर कार्ड बसवून हौशी लोक संगणकावर कार्यक्रम उतरवू लागले. केबलच्या अनिवार्य अंकीकरणाचा पहिला टप्पा मुंबई व दिल्ली येथे ३१ ऑक्टोबर २०१२ पासून अमलात आला. प्रत्येक वाहिनी संकेतबद्ध होऊन सेट-टॉप बॉक्समधूनच येऊ लागली व ती जुनी कार्डे निरुपयोगी झाली. सेवादात्याच्या मुद्रणक्षम पेटीत मुद्रण होते खरे, परंतु ते त्या पेटीशी व चालू वर्गणीशी बांधलेले असते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची विनामूल्य उपग्रहसेवा हाच या बाबतीत मोकळा असा मार्ग होता.

७. संग्राहक

वरील विवेचनावरून कोणास वाटेल की हा सारा खटाटोप करमणुकीपुरता आहे. दोन उदाहरणे त्यास उत्तर म्हणून पुरेशी आहेत. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांची सायंकालीन बातमीपत्रे उतरविण्यास आरंभ केला. पॉल सिम्प्सन या विमाव्यवसायातील गृहस्थाने वाहिन्यांकडे चौकशी केली असता, बातमीपत्रे पद्धतशीरपणे जपली जात नाहीत असे त्याला आढळले होते. त्यातून हा उपक्रम जन्मला. सीबीएसने १९७३ मध्ये विद्यापीठावर दावा केला. १९७६ च्या लेखाधिकार कायद्यात ग्रंथालयांस बातमीपत्रे उतरविण्याची मुभा देणारे कलम आले व दावा मागे पडला. व्हिएतनाम युद्ध अमेरिकन जनतेपुढे कसे मांडले गेले, याचा अभ्यास करणाऱ्यास हा संग्रह टाळता येत नाही.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांचे. पूर्वी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी इराणमधील ओलीस-प्रकरणापासून, म्हणजे १९७९ पासून, बातम्यांच्या वाहिन्या अहोरात्र उतरविण्याचे व्रत घेतले आणि डिसेंबर २०१२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते पाळले. सहासहा तासांनी फिती बदलण्यासाठी घरातील माणसांचा दिनक्रम बांधला गेला होता. त्यांच्या मागे सुमारे ७०,००० फिती राहिल्या व त्या इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. एकच बातमी सकाळी, दुपारी व रात्री कशी बदलत गेली हे अशा अखंड मुद्रणातूनच कळते; वाहिनीने निवडून राखलेल्या प्रतीतून ते कळत नाही. निवड करणारा संग्राहक स्वतःच्या काळाची दृष्टी संग्रहात घालतो. न निवडणारा संग्राहक पुढील काळाला प्रश्न विचारण्याची मोकळीक देतो.

८. उपसंहार

घरगुती मुद्रणाच्या इतिहासात तीन गोष्टींवरील ताबा हाच वादाचा विषय राहिला : संकेत, वेळापत्रक आणि प्रत. फितीने प्रेक्षकाला प्रत दिली. संगणकाने काही काळ तिन्ही गोष्टी त्याच्या आटोक्यात आणल्या. संकेतबद्ध प्रक्षेपणाने त्या पुन्हा काढून घेतल्या. आजची मागणीनुसार दाखविणारी सेवा तर प्रेक्षकाच्या हाती प्रत ठेवीतच नाही. ती ज्या दिवशी एखादा कार्यक्रम यादीतून काढील त्या दिवशी तो सर्वांच्याच घरांतून एकाच वेळी नाहीसा होईल. बीबीसीने पुसलेले निदान एखाद्याच्या ध्वनिमुद्रकावर तरी उरले होते. पुढील काळात तेवढाही आधार असणार नाही.

मराठीच्या अभ्यासकांवर यातून एक विशिष्ट जबाबदारी येते. मराठी बातमीपत्रे, निवडणूक-चर्चा, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, नाट्यप्रवेश, लोककलांचे प्रयोग या साऱ्यांचे १९७२ नंतरचे प्रक्षेपण हे महाराष्ट्राच्या समाजेतिहासाचे साधन आहे. १९५७ च्या भारतीय लेखाधिकार अधिनियमाचे कलम ३९ प्रक्षेपकाच्या हक्काला एक महत्त्वाचा अपवाद सांगते : स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, अथवा निव्वळ अध्यापन व संशोधन यांच्या प्रामाणिक हेतूने केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण त्या हक्काचा भंग ठरत नाही. विद्यापीठीय विभागांस ही मुभा आहे. तिचा उपयोग करून घेण्याची व्यवस्था मात्र त्यांनी स्वतः उभी करावयाची आहे. एक उपग्रह-ट्यूनर, एक सामान्य संगणक व काही डिस्का एवढ्या सामग्रीवर एका खुल्या मराठी वाहिनीचे अखंड मुद्रण होऊ शकते. प्रत्येक मुद्रणाबरोबर तारीख, वेळ, वाहिनी व वेळापत्रकातील नोंद जोडली पाहिजे, कारण वर्णनसूची नसलेला संग्रह हा बांधलेल्या रुमालासारखाच अभ्यासकाला बंद असतो. त्याच्या किमान दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, व दर काही वर्षांनी त्या नव्या डिस्कांवर उतरवाव्यात.

त्याबरोबरच घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या व्हीएचएस फितींचा शोध घेणेही तितकेच निकडीचे आहे. फितीवरील चुंबकीय थर दमट हवेत झडतो, बुरशी धरतो, आणि ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. लग्नाच्या चित्रणाखाली अर्धवट पुसल्या गेलेल्या एखाद्या जुन्या बातमीपत्राला उद्या दप्तरातील सुट्या पत्राचे मोल येईल. राजवाडे व त्यांचे सहकारी गावोगाव फिरून दप्तरे जमवीत होते तेव्हा, ज्यांच्या घरी ती होती त्यांपैकी अनेकांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती. आज तीच परिस्थिती वेगळ्या साधनाबाबत आहे, व अवधी त्याहून पुष्कळ कमी आहे.